कसर

थोरले काका गेले, तेव्हा तुझ्या वाटणीला काय आलं असं कुणी विचारलं की मी सांगतो, एक बासरी आणि तिच्यातली कसर.

बासरी म्हणजे आमच्या कोल्हापुरात महाद्वार रोडला काठीला खोचून विकायला येते ती बांबूची नव्हे. ही बँडातली इंग्रजी फ्लूट. तीन विती लांब, तीन तुकड्यांत सुटणारी, अंगभर चाव्या, दांड्या आणि स्प्रिंगा. काका तरुणपणी बँडात वाजवायचे. पुढं गुळाच्या अडतीत नोकरी लागली आणि फ्लूट ट्रंकेत गेली ती गेलीच. मी पेटी उघडली, तुकडे जोडले, गाल फुगवून फुंकलं. कुकरची रिंग ढिली झाली की कडेकडेनं वाफ जाते, तसा आवाज आला. उलटी करून बघितली तर चाव्यांच्या पोटात ज्या गोल गाद्या असतात, ज्यांना बँडवाले पॅड म्हणतात, त्यांचा पापुद्रा फाटलेला आणि आतला फेल्ट, म्हणजे दाबलेली लोकर, कसरीनं खाल्लेला. सोळाच्या सोळा.

"मिरजेला घेऊन जावा," असं मला निदान सहा जणांनी सांगितलं. मिरजेची सतार आणि तंबोरा जगात वाजतो, २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. पण माझं दुखणं तारेचं नव्हतं, हवेचं होतं. शिवाय मी बँकेतून नुकताच निवृत्त झालो होतो, आणि निवृत्त माणसाला घरच्या घरी काहीतरी उघडून बसायला लागतं. मिक्सर मी आधीच उघडला होता. तो अजून उघडाच आहे.

आधी या यंत्राचा कर्ता कोण ते बघितलं. म्युनिकचा थिओबाल्ड बोम. नावातच बोंब. मूळचा सोनार, शिवाय पट्टीचा फ्लूटवादक. त्यानं १८४७ साली सरळसोट नळीची फ्लूट काढली, तीच थोड्याफार फरकानं आजही चालते. बोट कुठं पोचतं याचा विचार बाजूला ठेवून, स्वर कुठं नीट निघतो ते बघून त्यानं भोकं पाडली, आणि ती एवढी मोठी की बोटानं झाकेनात. मग प्रत्येक भोकावर झाकण, झाकणाला पॅड, पॅड उचलायला स्प्रिंग, आणि नऊ बोटांत सगळा कारभार भागावा म्हणून झाकणांना जोडणाऱ्या दांड्या. आपल्या बांबूच्या बासरीचं पॅड म्हणजे बोटाचं मांस. त्याला कसर लागत नाही आणि त्याचा सेट मागवावा लागत नाही. सोनारानं कान टोचले की दुखत नाही म्हणतात. या सोनारानं टोचलेली नळी मला तीन आठवडे दुखली.

सेट ऑनलाइन मागवला. पुठ्ठ्याची चकती, तिच्यावर फेल्ट, त्यावर कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखं दुहेरी आवरण. त्याला धंद्यात 'फिश स्किन' म्हणतात, पण त्यात मासा औषधालाही नाही. तो बैलाच्या आतड्याचा पापुद्रा. सोन्याचा वर्ख कुटताना पानांच्या मध्ये घालायचे तोच. आईनं चष्मा वर करून विचारलं, "कशाचं रं हे?" तो सोमवार होता. मी म्हणालो, "प्लास्टिक आहे."

मग चाव्या सोडवायला घेतल्या. स्प्रिंग म्हणजे सुईएवढी तार. ती खाचेतून काढायला खास आकडा मिळतो म्हणे, पण बायकोची क्रोशाची सुई त्याहून उत्तम. (त्या सुईनं तोरण विणायचं असतं हे मला नंतर मोठ्यानं सांगण्यात आलं.) वर्तमानपत्रावर प्रत्येक चावीभोवती पेन्सिल फिरवून तिची जागा आखली, शेजारी तिचा स्क्रू, तिचा वॉशर. मोठ्या चाव्यांचं पॅड मधोमध वॉशर आणि स्क्रूनं धरलेलं असतं. आठवा स्क्रू सोडवताना तो उडाला.

आमच्या घरात मोझॅकची फरशी आहे. पांढऱ्या जमिनीवर काळे, राखाडी, तांबूस ठिपके. या फरशीवर जे पडतं ते फरशीचं होतं. नातीनं लोहचुंबक फिरवलं. त्याला एक टाचणी, एक शिवणाची सुई आणि पाच वर्षांपूर्वी हरवलेली सायकलची किल्ली चिकटली. "आबा, मी क्लासला निघालो," म्हणून ती गेली. (बाहेरगावच्या वाचकांसाठी: आमच्याकडच्या पोरी 'निघालो'च म्हणतात, गैरसमज नसावा.) शेवटी उद्यमनगर गाठलं. तिथं ओळखीचा एक लेथवाला आहे, पंपाच्या ओतकामाचे भाग कातून देतो. मी बोटाच्या टोकावर दुसऱ्या चावीचा स्क्रू ठेवून त्याच्यापुढं धरला.

"कुठं हाय?" तो म्हणाला.

"बोटावर."

"साहेब, आमच्यात पाच किलोच्या खालचं काय हातात बी धरत न्हाईत."

पण धरलं. डोळ्याला भिंग लावून दुपारपर्यंत करून दिला, अगदी आट्यासकट. पैसे घेतले नाहीत. एवढ्याशा वस्तूचं बिल कशावर लिहू, असं त्याचं म्हणणं. जुना स्क्रू दुसऱ्या दिवशी माझ्या टाचेत सापडला.

लहान चाव्यांना स्क्रू नसतो, त्यांची पॅडं लाखेवर बसवतात. लाख आणायला गुजरीत गेलो तेव्हा फ्लूटही पिशवीत घातली. खोटं कशाला बोलू, हुपरीची चांदी बघत वाढलेला माणूस आहे, मनात एक मोह होता. सराफानं एक चावी नखानं खरवडली, उजेडात धरली आणि परत दिली. "जर्मल हाय की ओ!" म्हणजे जर्मन सिल्व्हर. तांबं, निकेल आणि जस्त. चांदीचा त्यात कण नाही, वर असला तर नुसता मुलामा. घरी येऊन सांगितलं तर आई म्हणाली, "मग एवढं काय जपालायस? जर्मलची चार पातेली पडल्यात माळ्यावर." ती ॲल्युमिनियमची आहेत, हे तिला समजावणं मी सोडून दिलं.

लाखेच्या बाबतीत मात्र मला आत्मविश्वास होता. नोकरीची पहिली दहा वर्षं मी रोकडीच्या पिशव्यांना लाखेचे शिक्केच मारले. देवघरातलं निरांजन घेतलं, त्यावर चावी तापवली, लाख ओतली आणि सवयीनं वरून अंगठा दाबला. पॅडवर माझ्या अंगठ्याचा सुरेख ठसा उमटला, रिझर्व्ह बँकेनंही हरकत घेतली नसती असा. चावी काजळीनं काळी. निरांजन जागेवर ठेवायच्या आत आई आली. त्या संध्याकाळची आरती मी सोडून सगळ्यांनी म्हटली.

खरी मेख पुढं होती. नवी पॅडं जुन्यापेक्षा किंचित जाड निघाली. जाड पॅड आधी बिजागरीच्या बाजूला टेकतं आणि पुढून उघडं राहतं. पातळ असलं तर पुढं टेकतं आणि मागून गळतं. हा फरक डोळ्याला दिसत नाही. तो बघायला सिगारेट वळायचा कागद लागतो. त्याची चार मिलिमीटरची पट्टी कापायची, पॅडखाली सारायची, चावी हलकेच मिटायची आणि पट्टी ओढायची. अडकली तर पॅड बसलंय, सुळकन आली तर तिथून हवा जाते. असं घड्याळाच्या बाराला, तीनला, सहाला, नऊला. सोळा पॅडं गुणिले चार.

तो कागद आणायला कोपऱ्यावरच्या टपरीवर गेलो. मी आयुष्यात सिगारेट ओढलेली नाही, सुपारीसुद्धा श्राद्धाला. "वळायचा कागद आहे का?" मी हळू आवाजात विचारलं. टपरीवाल्यानं कात लावता लावता हात थांबवला.

"नुसता कागद?"

"नुसताच."

"तमाखू नको?"

"नको. बासरीसाठी पाहिजे."

त्यानं माझ्याकडं बराच वेळ बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "कशासाठी बी घ्या ओ, माझं काय जातंय. पण ह्या वयात, साहेब..." त्याच वेळी मागं आमच्या शाखेचे जुने मॅनेजर मसाला पान घ्यायला उभे होते. त्यांनी मला ओळख दिली नाही. त्यांचा मोठेपणा.

जिथून हवा जाते तिथं पॅडच्या मागं पातळ कागदाचा तुकडा घालायचा असतो, कधी पूर्ण गोल, कधी चंद्रकोर. टायपिंगच्या कार्बन कॉपीचा कागद माझ्याकडं होता. नखाएवढ्या चंद्रकोरी कापल्या, नातीच्या वहीच्या पानावर चावीवार मांडल्या. एक बसवली की शेजारची बिघडायची, कारण इथं कुठलीच चावी एकटी नाही. उजव्या हाताच्या तर्जनीनं एफची चावी दाबली की तिच्याबरोबर वरची आणखी एक खाली बसते; दोघी एकाच क्षणी टेकल्या पाहिजेत. एक केसभर आधी बसली की दुसरी फुगून उघडी राहते. एकत्र कुटुंबात राहिलेल्या माणसाला हे नव्यानं शिकायची गरज नसते, फक्त तिथं जुळवायला स्क्रू नसतो.

तिसऱ्या आठवड्यात सोळापैकी चौदा जागी पट्टी अडकायला लागली. मे महिना, दुपारी दोनची वेळ, मी घामाघूम. पंखा अर्थातच बंद. बायको आतून ताक घेऊन आली.

"काय हे, उकडून मरालायसा की!" म्हणाली, आणि मायेनं पंखा पाचावर लावला.

एकतीस चंद्रकोरी होत्या. काही गच्चीच्या जिन्यात सापडल्या, काही ताकात. तीन आत खाटेवर वाळत घातलेल्या कुरडयांवर जाऊन बसल्या होत्या. त्या आम्ही पुढं तळून खाल्ल्या असाव्यात.

शेवटी गल्लीतल्या बँडवाल्या मामांना बोलावलं. हयात क्लॅरिनेट वाजवण्यात गेली, काकांना ओळखत होते. त्यांनी फ्लूट घेतली, आधी तोंडाकडच्या तुकड्याचं बूच बघितलं. साफ करायच्या काठीवर टोकापासून सतरा मिलिमीटरवर एक रेघ असते. काठी आत घातली की ती रेघ फुंकायच्या भोकाच्या मधोमध दिसली पाहिजे. माझी दिसतच नव्हती. तीन आठवडे चाव्यांचा जीव काढला आणि बूच बघितलंच नव्हतं. मामांनी ते सरकवलं, फ्लूट ओठाला लावली आणि अगदी खालचा सा काढला. जाड, मऊ, जरा घोगरा. आई हातातली जपमाळ थांबवून बघत राहिली. "भावजींचाच आवाज," म्हणाली.

मग मी फुंकलं. कुकर.

"दोन पॅडं अजून मारत्यात," मामा म्हणाले, "पण निम्मी गळती तुमच्यात हाय, साहेब. ओठ असा गोळा करून नका फुकू. चहा निवावताना कसं फुकता?"

"मी बशीत ओततो."

"मग अवघड हाय."

तरी जमलं. मेच्या शेवटाला मला खालपासून वरपर्यंत सगळे स्वर निघायला लागले. शेजारच्यांनी एकदाच विचारलं, सायरन कसला म्हणून. सात जूनला मृग लागला. कोल्हापूरचा पाऊस तुम्हाला माहीत असेल किंवा नसेल. इथं जूनमध्ये दारं चौकटीत बसत नाहीत, मीठ पाझरतं, आणि पासबुकाची पानं पापडासारखी वळतात. चौथ्या दिवशी फ्लूट काढली आणि फुंकली. पट्टी घेऊन बसलो. बाराला सुळकन, तीनला सुळकन. कोरड्या मेमध्ये केसाच्या मापानं बसवलेली सोळा पॅडं ओलीनं फुगून आपापल्या मनासारखी बसली होती.

मामांना फोन लावला. मागं पावसाचा आवाज आणि भजी तळल्याचा.

"आता काय करू नका. तुळशीचं लगीन होऊ दे, मग बघू."

हे बोलणं ऐकून बायकोनं पेटी उचलली, आत चार डांबरगोळ्या टाकल्या आणि ट्रंकेत ठेवली. मी छत्री घेतली आणि बाहेर पडलो. टपरीवाल्यानं मला लांबूनच बघितलं. मी काही बोलायच्या आत त्यानं कागदाची नवी पुडी काढून, वर एक वर्तमानपत्राचा तुकडा गुंडाळून, गुपचूप माझ्या हातात सरकवली.

"पावसात जास्त लागतो, न्हवं?" म्हणाला.