थ्री बीएचकेचा हप्ता आणि समाधानाचा हिशेब

‘पैशाने सुख मिळत नाही’ हे वाक्य पोट भरलेल्यांनी जरा जपून वापरावं. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईचे महिन्याला पाच हजार वाढले तर मुलीचा क्लास लागतो, दुखणं अंगावर काढणं थांबतं, उसनवारी मिटते. हे सुखच आहे आणि ते पैशानेच आलंय.

अभ्यासकांचंही म्हणणं आता त्याच बाजूला झुकलंय. डॅनियल कानेमन आणि अँगस डीटन यांनी २०१० मध्ये मांडलं होतं की अमेरिकेत वर्षाला साधारण ७५ हजार डॉलरच्या पुढे रोजची मनःस्थिती पैशाने सुधारत नाही. मॅथ्यू किलिंग्जवर्थ यांच्या २०२१ च्या अभ्यासात मात्र तशी मर्यादा दिसली नाही. मग २०२३ मध्ये कानेमन आणि किलिंग्जवर्थ यांनी एकत्र आकडे तपासले. बहुतेकांचं सुख उत्पन्नाबरोबर वाढतच राहतं, एका पातळीला अडकतात ते मुळात सगळ्यांत दुःखी असलेले, असं निघालं. फक्त ही वाढ पटीत होते. वीस हजारांचे चाळीस झाल्यावर जेवढा फरक पडतो, तेवढ्यासाठी दोन लाखांचे चार लाख व्हावे लागतात.

मग पुण्यात दोघं मिळून दोन लाख कमावणाऱ्या घरात महिनाअखेरीला एवढी धाकधूक का असते? माझं स्पष्ट मत आहे: वाढलेला पगार त्यांच्या हातात राहतच नाही. तो येण्याआधीच पुढच्या वीस वर्षांसाठी लिहून दिलेला असतो, आणि बहुतेक वेळा तो मोठ्या फ्लॅटला.

हिशेब मांडून बघा. ८० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, २० वर्षं. हप्ता सुमारे ६९,४०० रुपये. पहिल्या हप्त्यातले ५६,६०० च्या वर व्याजात जातात, मुद्दल जेमतेम पावणेतेरा हजारांनी कमी होतं. वीस वर्षांत फेडता सुमारे १ कोटी ६६ लाख. आता दर एका टक्क्याने वाढला आणि बँकेने हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली, तर वीस वर्षांची साडेपंचवीसच्या वर जातात. हे कल्पनेतलं नाही. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो; गृहकर्जाचे बदलते दर त्याच्यामागे जातात) ४ वरून साडेसहा टक्क्यांवर गेला आणि कित्येकांची कर्जं निवृत्तीच्या वयापलीकडे सरकली. हप्ता तोच कापला जात होता, म्हणून कुणाच्या लक्षातही आलं नाही. २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारणं बँकांना बंधनकारक केलं. ते पत्र किंवा मेसेज आला तर न वाचता सोडू नका. बदलत्या दराच्या गृहकर्जावर व्यक्तीला मुदतपूर्व फेडीचा दंड नसतो. वर्षाला एक हप्ता जास्तीचा भरला तरी वरच्या उदाहरणात तीन-साडेतीन वर्षं वाचतात.

दुसरा घोळ सुरुवातीच्या पैशांचा. फ्लॅट १ कोटी १० लाखांचा, कर्ज ८० लाख, म्हणजे आपले ३० लाख, असं धरून लोक टोकन देऊन मोकळे होतात. पण पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के (फक्त बाईच्या नावावर घेतलं तर १ टक्का कमी), नोंदणीचे ३० हजार, आणि बांधकाम चालू असेल तर ५ टक्के जीएसटी. हे साडेतेरा लाख वेगळे. मग मोड्युलर किचन आणि फर्निचर. इथे सोनं गहाण पडतं किंवा पर्सनल लोन निघतं, आणि ताबा मिळेपर्यंत भाडंही चालूच असतं. नव्या घरात पाय ठेवतानाच गंगाजळी संपलेली असते. असुरक्षिततेची सुरुवात इथून होते आणि पुढे कितीही वेतनवाढ झाली तरी ती मनातून जात नाही.

वेळेबद्दल मात्र कुणी हिशेबच करत नाही. कोथरूडचा टू बीएचके सोडून उंड्रीला किंवा वाघोलीला थ्री बीएचके घेतला आणि ऑफिस हिंजवडीत असेल, तर जास्तीच्या खोलीची किंमत रोज रस्त्यावर मोजावी लागते. ब्रूनो फ्राय आणि अलॉइस स्टुट्झर या अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतल्या आकडेवारीवरून दाखवलंय की लांबचा रोजचा प्रवास करणाऱ्यांचं समाधान कमी असतं आणि स्वस्त घर किंवा जास्त पगार ती कसर भरून काढत नाही. खोलीची सवय काही महिन्यांत होते. ट्रॅफिकची होत नाही, कारण ते रोज वेगळ्या ठिकाणी अडवतं. वनाझ-रामवाडी किंवा पिंपरी-स्वारगेट मेट्रोच्या चालत अंतरावरचा लहान फ्लॅट मला त्यापेक्षा कितीतरी श्रीमंतीचा वाटतो.

म्हणून टोकन देण्याआधी सहा महिने एक गोष्ट करा. नवा हप्ता अधिक मेंटेनन्स, वजा आजचं भाडं किंवा हप्ता. येणारा फरक दर महिन्याच्या १ तारखेला बँकेच्या रिकरिंग डिपॉझिटमध्ये टाका. मेंटेनन्स विचारताना बिल्डरला नव्हे, शेजारच्या जुन्या सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारा, आणि उन्हाळ्यात टँकरचं बिल किती येतं हेही. जुलैतल्या एखाद्या पावसाळी मंगळवारी नव्या जागेपासून ऑफिसपर्यंत सकाळी नऊला जाऊन बघा, संध्याकाळी सातला परत या. सहा महिन्यांत रिकरिंग एकदाही चुकलं किंवा क्रेडिट कार्डाचं बिल पूर्ण न भरता ‘मिनिमम ड्यू’वर आलं, तर ते घर आज परवडत नाही. बँक कर्ज मंजूर करतेय याचा अर्थ तिची वसुली होईल एवढाच. तुमच्या आईचं ऑपरेशन त्या गणितात नसतं.

दोघांच्या पगारावर कर्ज काढलंत तरी हप्ता एकाच्या पगारात बसतो का ते बघा. बाळंतपण, नोकरीतली कपात, आजारी सासूबाई यांपैकी एक गोष्ट वीस वर्षांत होणारच. आणि हप्ता, फी, विमा, किराणा धरून सहा महिन्यांचा खर्च वेगळ्या खात्यात एफडी करून ठेवा. फर्निचर त्यानंतर. जुना सोफा नव्या हॉलमध्ये दोन वर्षं चालतो.