राउटरचा मॅक अ‍ॅड्रेस बदलल्याने नेमके काय बदलते?

घरच्या राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन वॅन पोर्टचा (बाहेरून येणारी इंटरनेटची तार जेथे लागते त्या खाचेचा) मॅक अ‍ॅड्रेस, म्हणजेच नेटवर्क कार्डाचा हार्डवेअर पत्ता, दर काही दिवसांनी बदलत राहा, असा सल्ला देणारा एक संदेश सध्या बराच फिरत आहे. असे केल्याने संकेतस्थळांना तुमचा माग काढता येत नाही, सेवा पुरवठादाराने घटवलेला वेग परत मिळतो, वायफायमध्ये कोणी घुसू शकत नाही आणि या सगळ्यात धोका काहीच नाही, असे चार दावे त्यात केलेले आहेत.

पहिला दावा माग काढण्याचा, आणि तोच मुळात चुकीच्या समजावर उभा आहे. मॅक अ‍ॅड्रेस हा ४८ बिटांचा असतो, अंक आणि ए ते एफ ही अक्षरे यांच्या सहा जोड्यांत लिहिला जातो व त्याचा उपयोग एकाच दुव्यावरच्या दोन उपकरणांनी एकमेकांना ओळखण्यापुरता असतो. संगणकाने पाठवलेली फ्रेम, म्हणजे या पत्त्यांच्या आवरणात गुंडाळलेले माहितीचे पॅकेट, राउटरपाशी आली की राउटर तिचे वरचे आवरण काढून टाकतो, आतल्या पॅकेटवर स्वतःच्या वॅन पोर्टचा पत्ता असलेले नवे आवरण चढवतो आणि ते पुढे धाडतो; हे दुसरे आवरणही पुरवठादाराच्या पहिल्याच राउटरवर उतरवले जाते. त्यापलीकडच्या संकेतस्थळाला दिसतो तो आयपी अ‍ॅड्रेस, तुमच्या ब्राउझरमधल्या कुकीज आणि तुम्ही स्वतः केलेले लॉगिन. यांपैकी कशालाही मॅक बदलल्याने थेट धक्का लागत नाही.

थेट म्हणण्याचे कारण असे की येथे थोडे तथ्य आहे. पुरवठादार डीएचसीपीने, म्हणजे आपोआप पत्ता वाटणाऱ्या पद्धतीने, आयपी देत असेल तर तो बहुतेक वेळा मॅक पाहून दिलेला असतो, त्यामुळे मॅक बदलल्यावर नवा आयपी मिळू शकतो. आयपीव्ही६ या आयपीच्या नव्या आवृत्तीमध्ये काही राउटर जुन्या पद्धतीने मॅकच्या मधोमध एफएफ-एफई घालून व पहिल्या जोडीतला एक बिट उलटवून पत्त्याचा उत्तरार्ध तयार करतात. तेथे मात्र मॅक खरोखरच जगजाहीर होतो. तरीही त्यातून मिळणारी गुप्तता नाममात्रच आहे, कारण हा अपवाद सोडला तर बदललेला मॅक पाहणारा एकमेव म्हणजे पुरवठादार, आणि तुमच्या घरात येणारी जोडणी कोणाच्या नावावर आहे हे त्याला मॅक न पाहताही ठाऊक असते. अँड्रॉइडने २०१९ मध्ये दहाव्या आवृत्तीपासून आणि आयफोनने २०२० मध्ये आयओएस १४ पासून प्रत्येक वायफायसाठी वेगळा यादृच्छिक पत्ता वापरायला सुरुवात केली, याचा दाखला या संदर्भात हमखास दिला जातो. पण फोन दिवसभर अनोळखी नेटवर्कांच्या टप्प्यातून फिरत असतो, म्हणून तेथे या उपायाला अर्थ आहे. राउटर जागचा हलत नाही.

वेगाचा दावा दोन ओळींत निकालात निघतो. घरगुती जोडणीवर वेगमर्यादा आणि वापराचा हिशेब ग्राहकाच्या खात्याला जोडलेले असतात, पोर्टच्या पत्त्याला नव्हे.

वायफायच्या सुरक्षेबाबतचा दावा त्याहून अधिक दिशाभूल करणारा आहे. वॅन पोर्टचा पत्ता आणि वायफाय रेडिओचा पत्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला बदलला तरी दुसरा तसाच राहतो. रेडिओचा पत्ता बदलला, तरी तो लपत नाही, कारण नेहमीच्या मांडणीत राउटर दर १०२.४ मिलिसेकंदांनी बीकन फ्रेममधून, म्हणजे आपले नेटवर्क येथे आहे असे सांगणाऱ्या संदेशातून, तो स्वतःच जाहीर करत असतो. डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ ही वायफायची सुरक्षा पद्धत वापरल्यावरही फ्रेममधला मजकूर तेवढा कूटबद्ध होतो, पत्ते उघडेच राहतात. ठरावीक मॅकनाच प्रवेश देणारी गाळणीही याच कारणाने कुचकामी ठरते: आत असलेल्या फोनचा पत्ता हवेतून वाचायचा आणि तोच स्वतःला लावून घ्यायचा, एवढेच घुसखोराला करावे लागते. घुसखोराला अडवतो तो लांब व अंदाज न येणारा पासवर्ड.

राहिला धोका शून्य असल्याचा दावा. मनाला येतील ते अंक भरले की गाडी कोठे अडते ते पाहा. पत्त्याच्या पहिल्या जोडीतला दुसरा अंक विषम असेल (बी, डी आणि एफ हेही विषमच), तर तो पत्ता एका उपकरणाचा न राहता समूहाचा ठरतो आणि धड राउटर तो नाकारतो. स्वतः रचलेल्या पत्त्यात त्या जागी २, ६, ए किंवा ई हवा. म्हणजे ०२ ने सुरू होणारा पत्ता चालतो, ०३ ने सुरू होणारा चालत नाही. दुसऱ्या ग्राहकाचा पत्ता उचलला आणि दोघे पुरवठादाराच्या एकाच विभागात असले, तर तेथील स्विच, म्हणजे फ्रेम योग्य पोर्टकडे वळवणारे उपकरण, तोच पत्ता कधी या पोर्टवर तर कधी त्या पोर्टवर नोंदवत राहतो आणि दोघांचेही इंटरनेट लटपटते. शिवाय काही पुरवठादार पहिल्यांदा जोडलेला मॅक खात्याशी बांधून ठेवतात; तेथे पत्ता बदलताच जोडणी बंद पडते, आणि बंद इंटरनेटवर उपाय शोधायचा कसा, हे त्या संदेशात लिहिलेले नाही.

राउटरमध्ये मॅक क्लोनची सोय दिली जाते ती या बांधणीमुळेच. राउटर नवा घेतला आणि पुरवठादाराकडे जुन्याचाच पत्ता नोंदलेला असला, की तो जुना पत्ता नव्या राउटरच्या वॅन पोर्टला द्यायचा, आणि केबल मॉडेम असेल तर तो बंद करून पुन्हा सुरू करायचा, कारण तोही आधी दिसलेले उपकरण लक्षात ठेवतो. पत्ता मात्र जुन्या राउटरच्या स्टेटस पानावरून, वॅनच्या रकान्यातलाच उतरवून घ्यावा. तळाच्या लेबलवर पुष्कळदा लॅनचा (घरातल्या नेटवर्कच्या बाजूचा) पत्ता छापलेला असतो आणि वॅनचा पत्ता त्याहून शेवटच्या एखाद्या अंकाने वेगळा असू शकतो.