तीन दुरुस्त्यांनंतर नवी गाडी? एका संदेशाचा प्रतिवाद

मुलुंड, दादर आणि बोरिवली अशा तीन ठिकाणच्या गटांतून एकच संदेश माझ्यापर्यंत आला. त्याचा सारांश असा : वॉरंटीत असलेल्या गाडीच्या इंजिनात एकच दोष तीन वेळा आला, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार कंपनीने तीस दिवसांत नवी गाडी देणे बंधनकारक आहे, त्यासाठी तज्ज्ञाच्या अहवालाची गरज नाही, गाडी शोरूमच्या दारात सोडून यावी आणि बँकेचे हप्ते थांबवावेत, बाहेरच्या गॅरेजमध्ये एकदा जरी बोनेट उघडले, तरी वॉरंटी संपते, आणि टॅक्सीवाल्यांना हा कायदा लागूच होत नाही.

आमच्या इमारतीतील एका कुटुंबाने यावर विश्वास ठेवला. त्यांची डिझेल गाडी चढावर दम सोडत असे, 'चेक इंजिन'चा दिवा लागत असे आणि वर्कशॉपमधून परत आल्यावर आठवडाभरात पुन्हा तेच होई. संदेश वाचून त्यांनी गाडी वर्कशॉपच्या आवारात ठेवली आणि हप्ता बंद केला. दोन महिन्यांत कंपनीचे पत्र आले नाही, बँकेची नोटीस मात्र आली. त्यांची तक्रार खरी होती, आणि तरीही चुकीच्या सल्ल्याने तेच अडचणीत सापडले, म्हणून हा संदेश मुद्द्यामुद्द्याने तपासणे मला आवश्यक वाटते.

पहिला दावा तीन या आकड्याचा. २०१९ च्या कायद्यात असा आकडा कोठेही नाही. हा आकडा अमेरिकेतून आलेला दिसतो. तेथे कनेक्टिकट राज्याने १९८२ साली सदोष गाड्यांसाठी पहिला स्वतंत्र कायदा केला आणि पुढे इतर राज्यांनीही तसे कायदे केले. त्यांपैकी अनेकांत तीन किंवा चार वेळा दुरुस्तीचा प्रयत्न फसला, अथवा गाडी एकूण तीस दिवस वर्कशॉपमध्ये पडून राहिली, तर ग्राहकाच्या बाजूने गृहीतक धरले जाते. भारतात असा स्वतंत्र कायदा नाही. आपल्याकडे कलम २(१०) मध्ये 'दोष' या शब्दाची व्याख्या आहे आणि ती पुरेशी रुंद आहे : कायद्याने, स्पष्ट किंवा गर्भित कराराने, किंवा विक्रेत्याने केलेल्या दाव्यानुसार जो दर्जा राखला जायला हवा, त्यातील कोणतीही उणीव म्हणजे दोष. असा दोष सिद्ध झाला, तर कलम ३९ नुसार ग्राहक आयोग, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींचा निवाडा करणारी यंत्रणा, दोष दूर करण्याचा, वस्तू बदलून देण्याचा, किंमत परत करण्याचा आणि नुकसानभरपाईचा आदेश देऊ शकतो. यांपैकी काय द्यायचे हे आयोग पुराव्यावरून ठरवतो. दुरुस्तीच्या फेऱ्या हा त्या पुराव्याचा एक भाग असतो, एवढेच.

नवी गाडी मिळणे किती कठीण आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांवरूनच कळते. मारुती उद्योगच्या २००६ सालच्या प्रकरणात न्यायालयाने म्हटले की, वॉरंटीची अट सदोष भाग बदलून देण्याची असेल, तर त्यातून संपूर्ण गाडी बदलून देण्याची जबाबदारी निघत नाही. कंपन्यांचे वकील हा निकाल आजही पुढे करतात. पण तेवढ्यावरून निराश होण्याचे कारण नाही. २००४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या प्रकरणात याच न्यायालयाने सदोष गाडी नवी म्हणून विकण्याचा प्रकार लाजिरवाणा असल्याचे सुनावले होते. २०१० साली फियाटच्या डिझेल गाडीच्या इंजिनातील आवाजाच्या प्रकरणात न्यायालयाने स्वतंत्र तज्ज्ञाकडून तपासणीचा मार्ग ठरवून दिला, आणि निर्मितीतलाच मूळ दोष निघाला, तर किंमत परत मिळेल, असे सांगितले. भाग बदलून दोष जात असेल, तर भाग मिळतो. बदलूनही जात नसेल, तर त्याहून मोठ्या मागणीला आधार मिळतो. म्हणून तक्रारीत 'नवी गाडीच द्या' एवढेच न लिहिता किंमत परत, ते शक्य नसल्यास गाडी बदलून, तेही नसल्यास नवे इंजिन आणि वाढीव वॉरंटी, अशा उतरत्या क्रमाने मागण्या मांडाव्यात.

तज्ज्ञाची गरज नाही, हा दावा अर्धा खरा आहे आणि म्हणूनच अधिक धोक्याचा आहे. २०२२ साली ह्युंदाईच्या प्रकरणात अपघाताच्या वेळी एअरबॅग उघडल्या नव्हत्या. तेव्हा वेग आणि आघात यांचे गणित ग्राहकाने मांडावे, अशी अपेक्षा करता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले आणि गाडी बदलून देण्याचा आदेश कायम ठेवला. परंतु न उघडलेली एअरबॅग कोणालाही दिसते, इंजिन दम का सोडते हे मात्र दिसत नाही. उदाहरण म्हणून १ एप्रिल २०२० पासूनच्या, बीएस-६ या प्रदूषण-मानकाच्या डिझेल गाड्या घ्या. त्यांच्या धुराच्या मार्गात काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, असतो. साठलेली काजळी जळून जाण्यासाठी एक्झॉस्ट बराच वेळ चांगला तापलेला राहावा लागतो. सायनहून अंधेरीला रांगेत सरकणाऱ्या गाडीत तसे होत नाही. मग फिल्टर तुंबतो, दिवा लागतो, गाडीची ताकद कमी होते आणि वर्कशॉप सांगते की हा तुमच्या वापराचा दोष आहे. कधी ते खरेही असते. पण तीच लक्षणे गळक्या इंजेक्टरमुळे, टर्बोमुळे किंवा सेन्सरच्या बिघाडामुळेही दिसतात, आणि यांतले कारण कोणते, हे आयोगाचे सदस्य नुसत्या ऐकीव वर्णनावरून ठरवू शकत नाहीत.

त्यासाठीच कलम ३८(२) मध्ये सोय आहे. योग्य तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल, तर आयोग वस्तू मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो आणि अहवाल साधारणतः ४५ दिवसांत येणे अपेक्षित असते. तपासणीचे शुल्क आधी तक्रारदाराला भरावे लागू शकते. तक्रारीबरोबरच तपासणीचा अर्ज द्यावा. पुण्याची वाहन-संशोधन संस्था एआरएआय किंवा माटुंग्याची अभियांत्रिकी शिक्षणसंस्था व्हीजेटीआय यांसारख्या संस्थेतील तज्ज्ञांचे नाव सुचवण्यास हरकत नाही. कंपनीचाच अभियंता 'गाडी उत्तम आहे' असे लिहून देतो, तेव्हा त्याला उत्तर द्यायला आपल्या हाती दुसरा कागद असला पाहिजे.

याहून महत्त्वाचा एक कागद मात्र प्रत्येक मालकाकडे आधीपासून असतो, आणि त्याच्याकडे कोणी बारकाईने पाहत नाही. तो म्हणजे जॉब कार्ड, गाडी आत घेताना वर्कशॉप तक्रार आणि कामाची नोंद करते तो कागद. वर उल्लेख केलेल्या कुटुंबाच्या पाच फेऱ्यांपैकी तीन जॉब कार्डांवर 'जनरल चेकअप' एवढेच लिहिले होते. चढावर गाडी दम सोडते, ही तक्रार तोंडी सांगितली गेली, सर्व्हिस ॲडव्हायझरने मान डोलावली आणि कागदावर ती उतरलीच नाही. आयोगासमोर या गाडीच्या तक्रारी पाच नव्हे, दोनच ठरतात. म्हणून सही करण्यापूर्वी जॉब कार्ड वाचावे. आपल्या शब्दांत तक्रार लिहून घ्यावी : कोणत्या गिअरमध्ये, इंजिन गार असताना की तापल्यावर, किती वेगाला, कोणत्या प्रकारच्या रस्त्यावर. किलोमीटरचा आकडा आणि गाडी आत गेल्याची व परत मिळाल्याची तारीख नोंदवून घ्यावी, कारण गाडी किती दिवस वापरता आली नाही, हे त्याच तारखांवरून सिद्ध होते. स्कॅनरवर आलेल्या फॉल्ट कोडचा छापील कागद मागावा. निदान पडद्याचा फोटो काढावा. बदललेल्या भागाचे नाव आणि क्रमांक बिलावर, म्हणजे शून्य रुपयांच्या वॉरंटी बिलावरही, असला पाहिजे. मेकॅनिकला शेजारी बसवून गाडी चालवावी आणि दोष प्रत्यक्ष दाखवावा. 'तपासणीत दोष आढळला नाही' असा शेरा मिळाला, तरी तो जपून ठेवावा; त्याच तक्रारीसाठी दहा दिवसांनी गाडी पुन्हा आत गेली, तर तोच शेरा वर्कशॉपच्या तपासणीविरुद्ध बोलू लागतो.

प्रत्येक फेरीनंतर एक ईमेल डीलरला आणि तोच कंपनीच्या ग्राहक विभागाला पाठवावा. २०२१ साली टाटा मोटर्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डीलर आणि निर्माता यांची जबाबदारी वेगळी धरली. डीलरच्या कृत्याची माहिती निर्मात्याला होती, हे दाखवता आले नाही, तर निर्माता सुटू शकतो. तक्रार दाखल करतानाही दोघांना विरुद्ध पक्ष करावे.

तीस दिवसांचा आकडा आपल्या कायद्यातही आहे, पण तो वेगळ्याच ठिकाणी : नोटीस मिळाल्यावर विरुद्ध पक्षाने आपले म्हणणे मांडण्यासाठी तीस दिवस, आणि फार तर आणखी पंधरा. निकालासाठी कायद्याने तीन महिने आणि तपासणी लागल्यास पाच महिने अपेक्षिले आहेत. प्रत्यक्षात प्रकरणे त्यापेक्षा पुष्कळ लांबतात, हे सांगितले नाही, तर मीही त्या संदेशासारखीच दिशाभूल केली, असे होईल. ज्या मुदतीचा संदेशात उल्लेखच नाही, ती मात्र खरोखर कडक आहे : तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे, कलम ६९. 'पुढच्या सर्व्हिसला बघू' म्हणत अनेकांची ही मुदत निघून जाते.

गाडी सोडून येणे आणि हप्ते थांबवणे, या सल्ल्याबद्दल मला तीव्र आक्षेप आहे. कर्जाचा करार बँकेशी आहे, इंजिनाच्या दोषाने तो थांबत नाही. हप्ता चुकला की पतनोंद बिघडते, आणि बँक तारण असलेली गाडी ताब्यात घेऊ शकते. मग ज्या गाडीची तपासणी व्हायची, तीच आपल्या हातून जाते. आवारात महिनोन्महिने उभ्या गाडीची बॅटरी आणि टायर खराब होतात, वर्कशॉप जागेचे भाडे मागते आणि पुढे इंजिनाची अवस्था उभी राहिल्यामुळे बिघडली, असा युक्तिवाद होतो. खरोखर तातडी असेल, तर कलम ३८(८) खाली अंतरिम, म्हणजे निकालापूर्वीच्या तात्पुरत्या, आदेशाचा अर्ज करता येतो.

काही जण या संदेशाला याच कायद्यातील 'उत्पादन दायित्व', म्हणजे सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीची जबाबदारी, हे प्रकरण जोडतात. ते इथे फारसे कामाचे नाही, कारण त्यातील 'हानी'च्या व्याख्येतून वॉरंटीभंगामुळे वस्तूचे स्वतःचे झालेले नुकसान वगळलेले आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११०अ मध्ये किंमत परत करणे किंवा गाडी बदलणे असे शब्द जरूर आहेत, पण ते केंद्र सरकारने एखाद्या प्रकारच्या गाड्या परत मागवण्याचा आदेश दिल्यावर लागू होतात.

बाहेरच्या गॅरेजबद्दल : २०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांविरुद्धच्या आदेशात सांगितले की, बाहेर काम करून घेतले म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढे नुकसान झाले, तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. कंपन्या त्याविरुद्ध अपिलात गेल्या. माझे मत असे की वाद चालू असताना इंजिनाला बाहेरचा हात लागू देऊ नये, पण पूर्वी कधी पंक्चर काढले किंवा बॅटरी बदलली, म्हणून हक्क गेला असे मानून घरी बसू नये.

शेवटचा दावा सर्वांत अन्यायकारक आहे, कारण या शहरात हजारो घरे एका टॅक्सीवर चालतात. कलम २(७) च्या स्पष्टीकरणानुसार केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी वस्तू घेणारा माणूस ग्राहकच आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच म्हटले आहे की, स्वतः चालवण्यासाठी वाहन घेणाऱ्याने मदतीला एखादा माणूस ठेवला, तरी त्याचे ग्राहकपण जात नाही. अशा चालकाने परवाना, बॅज आणि बंद राहिलेल्या दिवसांची कमाई दाखवणारी नोंद तक्रारीला जोडावी. कायद्याप्रमाणे तो राहतो किंवा काम करतो, त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. गाडी पनवेलला घेतली असली आणि घर कुर्ल्यात असले, तरी मुंबई उपनगर जिल्हा आयोगात जाता येते. पाच लाखांपर्यंत किंमत दिली असेल, तर शुल्क नाही, दहा लाखांपर्यंत २०० रुपये आणि वीस लाखांपर्यंत ४०० रुपये आहे. वकील बंधनकारक नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी आणि तिचा क्रमांक जॉब कार्डांच्या फाइलीत लावावा.