‘ब्रेक उशिरा लावा’ या सल्ल्याचा हिशेब

ट्रॅक डेला, म्हणजे शर्यतीच्या ट्रॅकवर स्वतःची मोटारसायकल चालवण्याच्या दिवसाला, नियमित जाणाऱ्या मध्यम गटातील (नवशिके आणि वेगवान यांच्या मधल्या) रायडरांमध्ये एक सल्ला बराच काळ फिरतो आहे आणि आता तो चार वाक्यांच्या तयार संदेशाच्या रूपात जो तो पुढे पाठवतो. त्याचा आशय असा: लॅप टाइम, म्हणजे ट्रॅकची एक फेरी पूर्ण करण्याचा वेळ, ब्रेकिंगमध्ये कमी होतो, म्हणून दर खेपेला ब्रेक आणखी थोडा उशिरा लावा, मोटारसायकल झुकवण्याआधी पुढचा ब्रेक पूर्ण सोडा, गुडघा जमिनीला टेकू लागला की वेग आपोआप वाढतो, आणि एवढे करूनही वेळ कमी होत नसेल, तर कमतरता टायरमध्ये किंवा इंजिनाच्या ताकदीत आहे. यातील एकही वाक्य साफ खोटे नाही, आणि बहुधा म्हणूनच हा संदेश टिकून आहे. मात्र ज्या रायडरला तो सांगितला जातो, म्हणजे ज्याला ट्रॅकवरची रेषा ठाऊक आहे, जो सहसा पडत नाही, पण ज्याचा लॅप टाइम कित्येक ट्रॅक डे एकाच आकड्याभोवती घुटमळतो आहे, त्याला हा संदेश वेळ नेमका जिथे वाया जातो तिथे पाहूच देत नाही.

पहिल्या विधानाचा हिशेब कागदावर मांडता येतो. समजा, सरळ पट्ट्याच्या शेवटी वेग ताशी १८० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५० मीटर आहे, आणि पुढचे वळण सेकंदाला २२ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ८० किलोमीटर वेगाने घ्यायचे आहे. ब्रेक लावल्यावर वेग दर सेकंदाला ८ मीटर प्रति सेकंद या दराने उतरत असेल, तर त्यासाठी १२६ मीटर अंतर आणि साडेतीन सेकंद लागतात. आता ब्रेकची जागा १० मीटर पुढे नेली आणि वळणात शिरण्याचा वेग तोच राखला, तर उरलेल्या ११६ मीटरमध्ये वेग सुमारे नऊ टक्के अधिक तीव्रतेने उतरवावा लागेल, आणि एवढ्या खटाटोपातून वाचणारा वेळ भरतो ०.०८ सेकंद. तोही रायडरने काहीही चूक केली नाही, तर.

आता त्याच वळणाच्या पोटात काय घडते ते पाहू. हे वळण ६० मीटर त्रिज्येचे अर्धवर्तुळ मानले, तर त्याची लांबी सुमारे १८८ मीटर होते. सेकंदाला २२ मीटर वेगाने ती कापायला ८.५७ सेकंद लागतात आणि २३ मीटर वेगाने ८.२०, म्हणजे वेगात ताशी साडेतीन किलोमीटरांची भर पडली की ०.३७ सेकंद वाचतात. शिवाय हा वाढलेला वेग वळण संपले म्हणून नाहीसा होत नाही. पुढचा पट्टा सुमारे अडीचशे मीटरांचा असेल आणि तिथे वेग सरासरी दर सेकंदाला ४ मीटर प्रति सेकंद या दराने वाढत असेल, तर त्या पट्ट्यावर आणखी ०.१४ सेकंद पदरात पडतात. एकूण अर्धा सेकंद झाला, आणि हे फक्त एका वळणाचे. प्रत्यक्ष वळणात वेग सर्वत्र सारखा नसतो, त्यामुळे आकडे थोडे इकडेतिकडे होतील; पण ०.०८ आणि ०.५१ यांच्यातील तफावत त्याने पुसली जाणार नाही.

या अर्ध्या सेकंदाची किंमतही सांगायला हवी. वळणात टायरवर येणारा आडवा भार गुरुत्व त्वरणाच्या ०.८२ पटीवरून ०.९० पटीवर जातो, आणि साध्या गणिताने झुकाव ३९ अंशांवरून ४२ अंशांवर जातो. नीट गरम झालेल्या चांगल्या स्पोर्ट टायरला हे ओझे नाही. ओझे असते ते रायडरच्या मनाला, आणि उशिरा ब्रेक लावण्याच्या नादात ते मन आणखी आकसते.

हे मी स्वतःच्या खर्चाने शिकलो आहे. एका संपूर्ण दिवसात मी एका लांब वळणाआधीची ब्रेकची जागा वळण १५० मीटरवर असल्याचे सांगणाऱ्या फलकापासून हळूहळू वीसएक मीटर पुढे नेली होती आणि पोटात गोळा येत होता, म्हणून आपण वेगवान झालो असा माझा समज होता. संध्याकाळी जीपीएस टायमरवरील नोंद उघडली, तेव्हा वळणातील किमान वेग सकाळपेक्षा ताशी पाच किलोमीटरने कमी झालेला दिसला, आणि थ्रॉटल उघडण्याची जागाही पुढे सरकलेली होती. कारण सरळ होते. ब्रेक उशिरा लागल्यामुळे नजर ॲपेक्सकडे, म्हणजे रेषा वळणाच्या आतल्या कडेला सर्वांत जवळ येते त्या बिंदूकडे, जाण्याऐवजी ट्रॅकच्या कडेवर खिळून राहत होती, घाबरलेला हात गरजेपेक्षा जास्त वेग उतरवत होता, आणि मोटारसायकल वळू लागेपर्यंत ती वळणासाठी फारच हळू झालेली असे. वळणात शिरताना जाणवणारी धडकी आणि प्रत्यक्ष वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या नोंदीशिवाय मला कोणी पटवून देऊ शकले नसते. ज्याने वळणातला वेग आधीच जवळपास संपवून टाकला आहे, किंवा ज्याला शर्यतीत समोरच्याच्या आत शिरून पुढे जायचे आहे, त्याच्यासाठी उशिरा ब्रेक लावणे हे खरे शस्त्र आहे. मध्यम गटातील रायडर या दोन्ही परिस्थितींत सहसा नसतो. त्याने ब्रेकची जागा आहे तिथेच ठेवावी आणि दाब थोडा लवकर कमी करायला लागावे, म्हणजे तेवढाच वेग वळणात बरोबर जातो.

दुसरे विधान, म्हणजे झुकवण्याआधी ब्रेक पूर्ण सोडणे, हे नवशिक्याला सांगितले जाते ते योग्यच आहे, कारण झुकलेल्या अवस्थेत घाबरून लिव्हर आवळणे हा पडण्याचा हमखास मार्ग आहे. पण तोच नियम मध्यम गटात आल्यावरही पाळत राहिले, तर त्याचे परिणाम यंत्राच्या भूमितीत दिसतात. ब्रेक लागलेला असताना पुढचे फोर्क दबलेले असतात, त्यामुळे सुकाणूचा कोन अधिक उभा होतो, ट्रेल, म्हणजे सुकाणूचा अक्ष जमिनीला मिळतो तिथपासून टायर टेकतो तिथपर्यंतचे अंतर, कमी होते आणि मोटारसायकल चटकन वळते. शिवाय पुढच्या टायरवर वजन आल्याने त्याचा जमिनीला टेकणारा भाग वाढतो. वळणाच्या तोंडाशी लिव्हर एकदम सोडला की हे सगळे उलटे होते. फोर्क उसळून वर येतात, पुढचे चाक हलके होते, मोटारसायकल बाहेरच्या बाजूला पसरू लागते, आणि रायडरला वाटते की आपण फार वेगात आलो. म्हणून तो पुढच्या लॅपला आणखी लवकर वेग उतरवतो. चूक वेगाची नसून लिव्हर सोडण्याची होती, हे त्याच्या लक्षातच येत नाही.

टायरची पकड ही एकच थैली आहे आणि ब्रेक व झुकाव हे दोघेही त्यातूनच खर्च करतात. झुकाव जसा वाढत जाईल तसा ब्रेकचा दाब कमी होत गेला पाहिजे, आणि ॲपेक्सच्या आसपास कुठेतरी तो शून्यावर यावा. यालाच ट्रेल ब्रेकिंग म्हणतात. १९८५ साली एकाच हंगामात २५० आणि ५०० सीसी अशी दोन्ही जागतिक विजेतेपदे मिळवणारा फ्रेडी स्पेन्सर याच पद्धतीसाठी ओळखला जातो, त्यामुळे ही काही कालपरवाची टूम नव्हे. अवघड भाग असतो तो शेवटच्या दाबाचा. लिव्हरवर तर्जनीचे केवळ वजन उरावे आणि मग तेही उचलले जावे, इतक्या हळुवारपणे ते सुटले पाहिजे, आणि हा सराव आधी निम्म्या वेगाने, आपल्या सवयीच्या एखाद्या मंद वळणावर करावा. जोराने आवळायला अनेक जण लवकर शिकतात. सोडायला शिकणारे फार थोडे.

ब्रेक लवकर पूर्ण सोडण्याचा आणखी एक तोटा आहे, ज्याबद्दल फारसे बोलले जात नाही. ब्रेक सुटला आहे आणि थ्रॉटल अजून उघडलेले नाही, अशा अवस्थेत मध्यम गटातील रायडर प्रत्येक वळणात बराच वेळ नुसता घरंगळत असतो. त्या काळात मोटारसायकलचा तोल पुढेही नसतो आणि मागेही नसतो, आणि रायडर कशाची तरी वाट पाहत बसलेला असतो. माझ्या मते या गटाचे सर्वाधिक सेकंद इथेच सांडतात.

गुडघ्याबद्दल थोडक्यात बोललेले पुरे. शरीर आतल्या बाजूला काढण्यामागचा हेतू एकत्रित गुरुत्वमध्य आत नेणे आणि त्याच वेगाला मोटारसायकल कमी झुकवावी लागणे हा आहे. गुडघा टेकणे ही त्यातली उपकथा असून तिचा खरा उपयोग झुकाव मोजण्याच्या पट्टीसारखा होतो. नऊ जागतिक विजेतेपदे मिळवणारा माइक हेलवूड गुडघे टाकीला चिकटवून चालवत असे. छायाचित्रासाठी गुडघा टेकवणारा रायडर ओळखायचा असेल, तर त्याचे डोके पाहावे. गुडघा जमिनीवर असतो, पण डोके टाकीच्या बाहेरच्या अंगाला असते, आतला हात हँडलवर लटकलेला असतो, आणि या सगळ्यामुळे मोटारसायकल गरजेपेक्षा अधिक झुकलेली असते. बाहेरची मांडी टाकीत रुतवून हात सैल सोडले, की गुडघा केव्हा टेकला हे कळलेही नाही तरी बिघडत नाही.

राहिले टायर आणि ताकद. अनेक सुपरस्पोर्ट मोटारसायकलींच्या पुस्तिकेत पुढे ३६ आणि मागे ४२ पीएसआय असा रस्त्यासाठीचा दाब दिलेला असतो, आणि तोच घेऊन ट्रॅकवर उतरणारे लोक दुपारी पकड गेल्याची तक्रार करतात, कारण गरम झाल्यावर तो दाब आणखी चढतो. टायर बनवणाऱ्याने ट्रॅकसाठी सांगितलेला गरम दाब पाहून, पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या थांब्यावर, आल्याआल्या तो मोजणे, हे नवे टायर घेण्याच्या आधीचे काम आहे. स्लिक, म्हणजे खाचा नसलेले शर्यतीचे टायर तर त्यांच्या योग्य तापमानात राहिले तरच पकडतात, आणि मध्यम गटाच्या वेगात, टायर आधी गरम करणाऱ्या वॉर्मरशिवाय, ते तिथवर पोहोचतीलच असे नाही. अशा वेळी चांगला स्पोर्ट टायर अधिक विश्वासू ठरतो. ताकदीचे म्हणाल, तर हजार सीसीचे इंजिन वरच्या हिशेबातील वळणात गमावलेला वेळ पट्ट्यावर झाकून टाकते, त्यामुळे तो गमावला आहे हेच चालवणाऱ्याला कळत नाही. तीनशे-चारशे सीसीची मोटारसायकल दर वळणात त्याच्या मागच्या चाकाला येऊन भिडते आणि पट्टा सुरू झाला की पुन्हा मागे पडते. त्या दोघांच्या नोंदी एकमेकींवर ठेवल्या, तर किमान वेगाच्या रेषेत कोण वर आहे ते लगेच दिसते.