गरोदरपणातला एमआरआय: तो मेसेज चुकीचा आहे

दोन दिवसांपासून आमच्या बायकांच्या ग्रुपवर फिरतंय, की गरोदर बाईचा एमआरआय केला तर रेडिएशनने बाळात व्यंग येतं, डॉक्टरांनी सांगितलं तरी करू नका. हे बरोबर नाहीये.

एमआरआयमध्ये एक्स-रे नसतातच हो. मोठं चुंबक आणि रेडिओ लहरी, त्यावर चित्र तयार होतं. एक्स-रे असतात ते सीटी स्कॅनमध्ये, आणि बहुतेक इथेच घोळ झालाय, दोन्ही मशीन दिसायला सारखीच. कॅनडात ऑन्टारियोमध्ये 14 लाखांहून जास्त बाळंतपणांची नोंद तपासली होती, 2016 ला छापून आलं, त्यात पहिल्या 3 महिन्यांत एमआरआय झालेल्यांच्या बाळांना जास्त धोका दिसला नाही.

पण एक गोष्ट खरी आहे आणि ती मेसेजमध्ये नेमकी नाहीये. गॅडोलिनियम नावाचं कॉन्ट्रास्ट इंजेक्शन (एमआरआयचं चित्र जास्त स्पष्ट यावं म्हणून देतात ते) गरोदरपणात शक्यतो टाळतात, कारण ते वारेतून बाळापर्यंत जातं आणि त्याच अभ्यासात ते दिलेल्यांच्या बाळांमध्ये त्रास जास्त दिसला, अगदीच गरज असेल तरच देतात. त्यामुळे आत जायच्या आधी मी गरोदर आहे हे टेक्निशियनला स्वतःहून सांगा, दिवस चुकले असतील तरी सांगा. मंगळसूत्र, जोडवी, पिना काढून ठेवा.

मला खरी काळजी वाटते ती अशा बाईची, जिला डोकं भयंकर दुखतंय, डॉक्टरांनी एमआरआय सांगितलाय आणि ती हा मेसेज वाचून घरीच थांबलीये. कृपया तो पुढे पाठवू नका, पाठवला असेल तर डिलीट करून तिथेच हे टाका.