बाळंतिणीच्या रडण्याने दूध 'विषारी' होत नाही

'बाळंतिणीने रडू नये, तिचं दुःख दुधात उतरतं आणि बाळ आईला कायमचं दुरावतं,' असा मजकूर सध्या घरोघरच्या ग्रुपांवर फिरतोय. त्यात खरं आहे ते एवढंच : ताण फार असला की ऑक्सिटोसिन, म्हणजे दूध बाहेर सोडणारं संप्रेरक, अडतं आणि पान्हा फुटायला वेळ लागतो. दूध नासत नाही की विषारी होत नाही.

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी बऱ्याच जणींना उगाच रडू येतं. डिंकाचा लाडू हातात, बाळ मांडीवर आणि डोळे भरलेले. हे बहुधा दोन आठवड्यांत निवळतं.

आता दुराव्याचं. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी 1970च्या दशकात आयांना बाळासमोर काही मिनिटं चेहरा दगडासारखा ठेवायला सांगितलं. बाळं आधी हसली, हातवारे केले, मग मान फिरवली, काही रडली. म्हणजे आईचं मन बाळाला जाणवतं, नक्कीच. पण दुधातून नव्हे, चेहऱ्यातून, आवाजातून, स्पर्शातून. त्यांचंच पुढचं निरीक्षण मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही : रोजच्या खेळातही आई-बाळाचे सूर सारखे निसटतात आणि पुन्हा जुळतात. ते पुन्हा जुळणं महत्त्वाचं.

उदासी दोन आठवड्यांपुढे टिकली, बाळाकडे बघावंसंही वाटेना, तर ते प्रसूतीनंतरचं नैराश्य असू शकतं. त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांना सांगा, किंवा सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला 14416 वर फोन करा. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि सासूबाई, तोवर बाळाला जरा तुम्ही घ्या, तिला झोपू द्या.