‘काम यशस्वी’ या शेऱ्याने फाइली सुरक्षित ठरत नाहीत

‘आर्काइव्हचे काम रोज रात्री यशस्वी म्हणून संपत असेल, तर लॉग वाचत बसू नका, लॉग डिस्क भरतात, सॉफ्टवेअरचा स्वतःचा अहवाल पुरेसा असतो, आणि काही बिघडलेच तर सिस्टिम लॉग तेव्हा उघडता येतात,’ असा सल्ला सर्व्हर सांभाळणाऱ्यांमध्ये सर्रास दिला जातो. आर्काइव्ह म्हणजे अनेक फाइली एकत्र बांधून जपलेला संच, आणि लॉग म्हणजे काम चालू असताना सॉफ्टवेअर लिहीत जाते ती नोंदवही. मूळ फाइली काढून टाकल्यावर जो संच उरतो, तो या आर्काइव्हमध्येच असतो. त्यामुळे हा सल्ला मला धोक्याचा वाटतो.

यशाचा शेरा नेमका कोण देतो, हे आधी पाहिले पाहिजे. फाइली एकत्र बांधणारा जीएनयू टार हा प्रोग्रॅम काम संपताना ०, १ किंवा २ हा आकडा परत देतो: ० म्हणजे सर्व ठीक, १ म्हणजे काही फाइली वाचता वाचताच बदलल्या, २ म्हणजे गंभीर चूक. मात्र अनेक स्क्रिप्टांमध्ये टारचे आउटपुट पाइपने, म्हणजे थेट जोडणीने, फाइली दाबून लहान करणाऱ्या जीझिपकडे दिलेले असते, आणि आज्ञा चालवणाऱ्या बॅश या शेलमध्ये ‘पाइपफेल’ (मधल्या आज्ञेचे अपयशही मोजणारी सेटिंग) चालू केलेले नसेल, तर शेवटच्या आज्ञेचा, म्हणजे जीझिपचा निकाल हाच संपूर्ण ओळीचा निकाल धरला जातो. माझ्याच एका स्क्रिप्टमध्ये हे घडले होते. एका फोल्डरच्या परवानग्या बदलल्या होत्या आणि ‘परमिशन डिनाइड’ ही ओळ रोज रात्री लॉगमध्ये उमटत होती, तरी जीझिप ० देत होता आणि स्क्रिप्ट ‘यशस्वी’ लिहीत होती. जीझिपची स्वतःची तपासणी चालवली तरी फाइल निर्दोष निघाली, कारण जेवढे हाती आले तेवढे त्याने बिनचूक दाबले होते. काय हाती आलेच नाही, हे फक्त लॉगमध्ये लिहिलेले होते.

लॉग डिस्क भरतात, हा आक्षेप फार काळ टिकण्यासारखा नाही. जुने लॉग ठरावीक काळाने बाजूला काढून पुसणारा लॉगरोटेट याच कामासाठी आहे, आणि लिनक्समध्ये सिस्टिमच्या नोंदी ठेवणारा जर्नलडी मूळ सेटिंगमध्येच फाइल सिस्टिमच्या १० टक्के, पण जास्तीत जास्त ४ जीबी, एवढी मर्यादा पाळतो.

सॉफ्टवेअरचा स्वतःचा अहवाल पुरेसा असतो, हे विधान मात्र मुळातच चुकीचे आहे. मेमरी संपल्यावर कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, एखाद्या प्रोसेसला (चालू प्रोग्रॅमला) सक्तीने बंद करतो, तेव्हा त्या प्रोसेसला निरोपाची ओळ लिहिण्याचीही संधी मिळत नाही. तिचा लॉग एखाद्या फाइलच्या नावावर मध्येच तुटतो आणि शेलला १३७, म्हणजे सक्तीने बंद केल्याचा, आकडा मिळतो. कारण हवे असेल तर त्याच मिनिटाचा कर्नल लॉग उघडावा लागतो, कारण कोणती प्रोसेस मारली गेली, याची नोंद तिथे असते. खराब डिस्कचेही तसेच: टार फक्त ‘इनपुट-आउटपुट एरर’ एवढेच सांगतो, तर कोणत्या डिस्कचा कोणता सेक्टर वाचता आला नाही, ते कर्नल सांगतो. दोन्ही लॉग वेळेनुसार शेजारी ठेवून वाचले, तरच बिघाड सॉफ्टवेअरचा आहे की यंत्राचा, हे ठरवता येते.

बिघाड झाल्यावर लॉग पाहू, असे म्हणणारे लोक ते तेव्हा शिल्लक असतील असे धरून चालतात. जर्नलडीची मूळ सेटिंग कायम असेल आणि ‘व्हार-लॉग-जर्नल’ हे फोल्डर अस्तित्वात नसेल, तर नोंदी तात्पुरत्या जागेत राहतात आणि सर्व्हर रीस्टार्ट होताच नाहीशा होतात. शिवाय आर्काइव्हमधील उणीव बहुधा कित्येक महिन्यांनी, कोणी जुनी फाइल मागितल्यावर उघडकीस येते. तोवर त्या रात्रीचा लॉग फिरून पुसला गेलेला असतो. म्हणून प्रत्येक आर्काइव्हचा लॉग त्या आर्काइव्हइतकाच काळ जपावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘चूक झाली की ईमेल येतोच,’ हे आश्वासनही या सल्ल्यासोबत दिले जाते. ३१ जानेवारी २०१७ रोजी प्रोग्रॅमचा कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या गिटलॅबचा डेटाबेस चुकून पुसला गेला, तेव्हा त्यांचे नेहमीचे बॅकअप तयारच होत नव्हते, असे आढळले: डेटाबेस ९.६ आवृत्तीचा होता आणि त्याची प्रत काढणारा पीजी-डंप ९.२ चा चालवला जात होता. अपयशाचे ईमेल निघत होते, पण डीमार्कच्या (ईमेल खरोखर त्याच पत्त्यावरून आला का, हे पाहणाऱ्या पद्धतीच्या) तपासणीत ते नाकारले जात असल्यामुळे कोणापर्यंत पोहोचलेच नाहीत. यावरून मी स्वतःसाठी घेतलेली खबरदारी अशी, की दुसऱ्याच एका यंत्रावरून रोज सकाळी आर्काइव्हच्या लॉगमध्ये काम पूर्ण झाल्याची ओळ आणि फाइलींची संख्या शोधली जाते, आणि ती ओळ सापडली नाही, तर तेच अपयश मानून सूचना दिली जाते.